२५ डिसेंबर : महाड आणि देहूरोड
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



१४ एप्रिल, ६ डिसेंबर आपल्या पोराबाळांना पाठ आहेत. २५ डिसेंबर म्हटलं की मात्र नाताळची सुट्टी आठवते. आम्ही गिरणीतली माणसं, सुट्टी आम्हालाही गोडच लागते. पण या एका तारखेला दोन मोठ्या गोष्टी घडल्या, त्यातली एक तर आपल्या दारात.

पहिली १९२७ ची. बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगावला उतरले आणि तिथून पायी महाडला गेले. परिषदेला जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. त्या रात्री मनुस्मृती जाळली. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, हे आम्ही मुद्दाम सांगतो. भांडण त्या कायद्याशी होतं. बाईने आधी बापाच्या, मग नवऱ्याच्या, शेवटी पोराच्या ताब्यात राहावं, असं सांगणारा तो कायदा.

दुसरी १९५४ ची. रंगूनची जागतिक बौद्ध परिषद करून आलेल्या बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्ती बसवली. नागपूरची दीक्षा अजून पावणेदोन वर्षं लांब होती! बुद्धाच्या धम्मावर सोप्या भाषेत ग्रंथ लिहितो आहे, असंही त्यांनी तिथं सांगितलं. तो ग्रंथ १९५७ साली निघाला, पण तो छापलेला पाहायला ते राहिले नाहीत.

म्हणजे आधी जाळलं आणि सत्तावीस वर्षांनी त्याच तारखेला नवं बसवलं. आता आपल्या घराकडे या. एमआयडीसी आली, नवलाख उंबऱ्याच्या आसपास गुंठ्याला भाव आला, आणि लगेच बहिणीकडून हक्कसोडपत्र! साडीचोळी द्यायची, अंगठा घ्यायचा. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला, आणि हा कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. बहीण राजीखुशीने सोडत असेल तर तिची मर्जी. पण तिला विचारतो कोण? वर भावानेच भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावलेला असतो.

ज्यांच्या घरात असा कागद तयार असेल, त्यांनी तो बहिणीपुढे ठेवून, जमीन किती, रक्कम किती, तिचा हिस्सा किती, हे तिला मोठ्याने वाचून दाखवावं. येत्या २५ डिसेंबरला सकाळी तळेगाव स्टेशनवर जमू, लोकलने देहूरोडला जाऊ. माहेरवाशिणींनाही सांगावा धाडा.