चरा वरून, पोपडा खालून



ट्रॅक्टरच्या शेडमध्ये पूर्वी मातीची जमीन असे. मग सिमेंटचा कोबा आला. आता त्या कोब्यावर इपॉक्सीचा चकचकीत लेप देण्याची टूम निघाली आहे. माझ्या मावसभावाने गेल्या उन्हाळ्यात असा लेप दिला. दिवाळीपर्यंत त्यावर चरे पडले आणि चाकांखालचे पोपडेही निघाले. "दादा, माल खोटा निघाला," तो म्हणाला. मी रसायनशास्त्र शिकवणारा माणूस. खाली बसून पाहिले, तेव्हा कळले की चरा आणि पोपडा ही दोन निरनिराळी दुखणी आहेत.

आधी चरा घेऊ. तो ट्रॅक्टरच्या वजनाने पडत नाही. चाकाबरोबर आलेल्या वाळूने पडतो. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिख मोस यांनी १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची दहा पायऱ्यांची उतरंड लावली. तळाशी शंखजिरे, माथ्यावर हिरा. आपली गारगोटी सातव्या पायरीवर बसते आणि साधी काच साडेपाचच्या आसपास. शिक्षकांनी जुन्या बाटलीवर गारगोटी ओढून दाखवावी. मुले लगेच समजतील. इपॉक्सी तर एक प्रकारचे प्लॅस्टिकच, काचेहूनही मऊ. तेव्हा गारगोटीच्या कणांपुढे ते काय टिकणार? वर पॉलियुरेथेनचा हात दिला, तर चरे कमी पडतात आणि उन्हाने पिवळेपणाही लवकर येत नाही. पण खरा उपाय झाडूचा. दाराशी गोणपाट टाका, जॅकखाली फळी घाला, नांगर फरफटत नेऊ नका.

आता पोपडा. मी एक पोपडा उलटून पाहिला. त्याच्या पाठीला करडी सिमेंटची भुकटी चिकटलेली होती. म्हणजे लेपाने आपली पकड सोडली नव्हती. कोब्याचा वरचा थरच सुटून आला होता! कोबा घालताना सिमेंटचे पातळ पाणी वर येते आणि वाळून त्याची कच्ची साय बनते. गरम चाक त्यावर उभे राहिले, की निवताना लेपाला ओढते, आणि ती साय सुटते. पावसाळ्यात जमिनीतून चढणारी ओलही लेपाला खालून ढकलते.

म्हणून नव्या कोब्याला निदान २८ दिवस द्या. साय यंत्राने घासून काढा, तेलाचे डाग धुऊन टाका. मग थोडे पाणी शिंपडा. ते जिरले तर ठीक. थेंब मोत्यांसारखे उभे राहिले तर घासणे अपुरे आहे किंवा तेल उरले आहे. शेवटी दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवा. सकाळी खाली दव दिसले किंवा कोबा काळसर झाला, तर लेपाची घाई करू नका.

भावाचे पैसे गेले ते वरच्या चकाकीपायी नव्हेत, खालच्या कच्च्या सायीपायी. ही परीक्षा एका रात्रीची आणि जवळजवळ फुकटची. डबा उघडण्याआधी ती एक रात्र आपल्या जमिनीला जरूर द्या.