मे महिन्यातली काचपेटी

नाजूक पाणवनस्पती आणि शोभेचे झिंगे पाळायचे म्हटले, तर धर्माबादसारख्या गावात पहिली अडचण उन्हाची. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि काचपेटीतले पाणीही तिशी ओलांडते. या झिंग्यांना साधारण २२ ते २६ अंश मानवतात. पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम, ३५ अंशांना ७. जिवांची गरज नेमकी तेव्हाच वाढते.

पाण्यावर छोटा पंखा सोडला की बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. पण वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी. क्षार मागेच राहतात. घट भरायला पुन्हा बोअरचे जड पाणी ओतले, तर पेटी आठवड्यागणिक जड होत जाते. म्हणून घट आरओच्या पाण्याने भरावी. सगळी पेटी आरओवर चालवणे मात्र चूकच, कारण कात टाकलेल्या झिंग्याला नवे कवच घडवायला कॅल्शियम लागते.

लाइट गेली की फिल्टर थांबतो आणि विषारी अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू गुदमरू लागतात. बॅटरीवरचा हवापंप अशा वेळी उपयोगी पडतो.

क्रिप्टोकोरीन ही वनस्पती, जिची स्पायरॅलिस ही जात कोकणातही आढळते, पाणी बदलताच पाने गाळते. हौशी माणूस घाबरून ती उपटतो. मुळे शाबूत असली, तर काही आठवड्यांत नवी पाने फुटतात.