खुरासणीतली अमरवेल ओळखा
(बियाणे मेळाव्यात एका शेतकरी बाईने केलेले भाषण)



मी शिकलेली बाई नाही. मागच्या साली माझं जे नुकसान झालं ते सांगते. घरचं बी संपलं होतं, म्हणून बाजारातून खुरासणी उधारीवर आणली. न बघता पेरली. फुलाच्या वेळेला बघते तर मध्ये मध्ये पिवळ्या दोऱ्यांचं जाळं! अमरवेल. बोरीवर चढते ना, तिचीच जात. हिला पान नाही. उगवली की खुरासणीला विळखा घालते, मग मूळ पण सोडते आणि झाडाचाच रस पिते. अर्धी खुरासणी गेली.

ती बियाण्यातूनच आली होती. म्हणून आता मूठभर बी ताटात पसरून बघा. खुरासणीचा दाणा काळा, चकचकीत, लांबट, एका टोकाला निमुळता. अमरवेलीचा दाणा राजगिऱ्याएवढा, तपकिरी, खरखरीत, चमक नाही. काटेमाठाचं बी पण बारीक, पण ते काळं चमकतं. मातीचा खडा वाटला तर पाण्यात टाका. माती विरघळते, अमरवेलीचं बी विरघळत नाही. नखाने दाबलं तरी कडक लागतं.

असं बी दिसलं तर बारीक चाळणीने चाळा. खुरासणी वर राहते, अमरवेल खाली पडते. खाली पडलेलं उकिरड्यावर टाकू नका, गुरांना घालू नका. शेणातून पण ते उगवतं. चुलीत घाला.

शेतात आलीच, तर फुलायच्या आधी विळख्यातल्या खुरासणीसकट कापून जाळा. एकदा बी सांडलं की ते मातीत दहा-दहा वर्षं जगतं. त्या तुकड्यात पुढे नागली, वरई किंवा भात घ्या. ह्या पिकांवर ती जगत नाही.

हे एवढं का सांगते? हा प्लॉट आपण मोर्चे काढून, केसेस अंगावर घेऊन राखला. पीक गेलं, जमीन पडीक पडली, की पंचनाम्याला येणारे लिहिणार, “इथे कोणी कसत नाही.” वर बियाण्याची उधारी राहतेच.

म्हणून घरचं बी राखा. बाहेरचं आणलं तर चार बायांनी बसून ताटात बघा, मगच पेरा.

जिंदाबाद!