झडती आणि विश्वास

१८९७ सालीं पुण्यांत प्लेगचा कहर झाला, तेव्हां लोक रोगाहूनही झडतीला अधिक भ्याले. गोरे सोजीर थेट माजघरांत, देवघरांत शिरत. मग घरोघर रोगी लपविले जाऊं लागले आणि सांथ आंतल्या आंत पसरली. २२ जूनच्या रात्रीं प्लेग-अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. त्याच सांथींत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करतां करतां १० मार्चला निवर्तल्या. त्यांच्या हातांत कायदा नव्हता, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. त्या सालचा सांथरोग कायदा २०२० सालीं कोरोनांत पुनः अमलांत आला. या खेपेस उंबऱ्याशीं सोजीर नव्हता. गल्लींतलीच आशा-सेविका वही घेऊन उभी होती. तरी कांहीं घरांनीं तिलाही ‘सगळे बरे आहेत’ म्हणून दारांतूनच परत धाडलें.