अंगरक्षक व्हायचंय पोरीला



पुढाऱ्याच्या मागं एक माणूस उभा असतो. डोळ्यांवर काळा चष्मा, कानात वायर, हात पुढं बांधलेले, चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. टीव्हीवर आपण त्याला रोज बघतो आणि बॉडीगार्ड म्हणतो. आपला जुना शब्द अंगरक्षक. मोठ्या शहरांत कंपन्यांचे मालक, अधिकारी, त्यांची बायकामुलं यांना सांभाळायलाही अशी माणसं ठेवतात आणि त्या कामाला एक्झिक्युटिव्ह प्रोटेक्शन असं भारदस्त नाव आहे. या कामात आता बायकाही आहेत. आमच्याकडच्या एका गटात या प्रशिक्षणासाठी ४५,००० रुपयांचं कर्ज मागणारा अर्ज आला. शेळी, शिलाई मशीन, उसाची लागण यांचे अर्ज आम्हाला पाठ आहेत. हा नवा होता. त्यामुळं हे सगळं आम्हाला मुळापासून समजून घ्यावं लागलं, आणि जे समजलं ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी हे काम काय असतं ते बघू. आपल्याला वाटतं, मारामारी. पण लग्नघरातली दागिन्यांची पिशवी सांभाळणारी मावशी आठवा. ती पहिल्या पंगतीला बसत नाही. दाराकडं पाठ करून बसत नाही. पिशवी कुठल्या खोलीत आहे हे विचारलं तरी सांगत नाही. हॉलला मागचं दार आहे का, ते तिनं सकाळीच बघून ठेवलेलं असतं. अनोळखी बाई दोनदा त्याच जिन्यानं गेली की तिच्या लक्षात येतं. अंगरक्षकाचं काम बरंचसं असंच आहे. साहेब जिथं जाणार तिथं आधी जाऊन यायचं. गाडी कुठं लावायची, बाहेर पडायचे रस्ते किती, जवळचा दवाखाना कुठला, लिफ्ट बंद पडली तर काय, हे बघायचं. आणि जाण्यायेण्याची वेळ कुणाला सांगायची नाही. मोबाइलच्या स्टेटसला साहेबांबरोबरचा फोटो टाकणारी मुलगी या कामाला नालायकच. हात उचलायची वेळ आली तर आधी कुठंतरी नजर चुकलेली असते, असं या धंद्यातली माणसं मानतात.

आपल्याला प्रतापगडची गोष्ट माहीत आहे. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ हे तर लहान पोरंही म्हणतात. १० नोव्हेंबर १६५९ ला जिवा महालानं सय्यद बंडाचा वार अडवला, तो क्षण आपण लक्षात ठेवला. पण त्याच्या आधीचं काम बघा. भेट कुठं, शामियाना कसा, बरोबर माणसं किती, ती किती अंतरावर उभी राहणार, हे सगळं वकिलांमार्फत आधी ठरलं होतं. सय्यद बंडा खानाजवळ उभा आहे हे कळताच त्याला लांब करा असा निरोप महाराजांनी पाठवला, असं बखरीत आहे. घोरपडीसारखा घाव एका क्षणाचा असेल, पण राखण आधीपासून चालू होती.

आणि बायकांचं म्हणाल तर त्यालाही शंभर वर्षं होऊन गेली. इंग्लंडमध्ये बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून एमेलिन पँकहर्स्ट लढत होत्या. पोलीस त्यांना पुन्हा पुन्हा पकडून नेत. तेव्हा १९१३ च्या सुमारास तीसेक बायकांचं एक अंगरक्षक पथक उभं राहिलं. एडिथ गॅरूड नावाच्या बाईनं त्यांना जुजुत्सू शिकवलं, म्हणजे समोरच्याच्याच जोरावर त्याला पाडायची जपानी विद्या. ही बाई स्वतः चार फूट अकरा इंच उंच. सभेच्या व्यासपीठावर फुलांच्या माळांत काटेरी तार दडवायची, पँकहर्स्टबाईंसारखे कपडे घालून दुसरीच बाई पुढच्या दारानं पाठवायची, असल्या युक्त्या त्यांनी केल्या. पोलिसांशी झोंबी घेण्याबद्दल आम्ही काही म्हणत नाही, तो काळ वेगळा. पण चार फूट अकरा इंच लक्षात ठेवा, ते पुढं कामाला येणार आहे.

आता आपल्या मुलीकडं येऊ. मुरगूड म्हणजे कुस्ती. इथल्या सदाशिवराव मंडलिक कुस्ती संकुलात मुली मॅटवर घाम गाळतात, त्यांनी गावाचं नाव पार परदेशात नेलं. पण प्रत्येक मुलगी पदकापर्यंत जात नाही. बाकीच्यांचं स्वप्न पोलीस भरतीचं असतं. तिथं मुलीची उंची १५५ सेंटिमीटर लागते. आमच्या अर्जातली मुलगी १५३. आठशे मीटर पळण्यात ती पहिल्या पाचात यायची, पण मोजपट्टीखाली उभी राहिली की दोन सेंटिमीटर कुठून आणणार? वय २६. आई दुसऱ्याच्या रानात ऊस भांगलायला जाते आणि दहा वर्षं गटाची सभासद आहे, एकही हप्ता थकलेला नाही. मुलीनं मोबाइलवर जाहिरात बघितली. ‘लेडी कमांडो बॉडीगार्ड कोर्स, पंधरा दिवसांत, नोकरीची शंभर टक्के हमी, फी ४५,०००.’ फोटोत मुली लष्करासारख्या ठिपक्याठिपक्यांच्या कपड्यांत, हातात रायफल.

बैठकीत बरंच बोलणं झालं. एक आत्या म्हणाल्या, ‘‘पोरीच्या हातात बंदूक दिल्यावर तिला नवरा कोण देणार?’’ दुसरीनं विचारलं, ‘‘एवढी रक्कम एकीला दिली, तर आडसाली लागणीला आम्हाला काय उरणार?’’ पहिल्या प्रश्नाला आम्ही फार वेळ दिला नाही. दुसरा खरा होता. गटाचे पैसे म्हणजे पंधरा बायकांच्या आठवड्याच्या बचतीचे पैसे. तेव्हा ठरलं की कर्ज द्यायचं की नाही ते मागाहून, आधी कायदा काय म्हणतो ते वाचायचं.

कायदा आहे तो २००५ चा, खासगी सुरक्षा एजन्सी विनियमन अधिनियम. मालमत्तेची राखण आणि माणसाची राखण, दोन्ही त्यात येतात. म्हणजे खासगी अंगरक्षकालाही हाच लागू. परवाना घेतल्याशिवाय कुणालाही सुरक्षा एजन्सी चालवता येत नाही. विनापरवाना चालवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवाना पाच वर्षांचा असतो आणि तो कामाच्या जागी दिसेल असा लावावा लागतो. रक्षकाचं वय १८ ते ६५. आपल्या रक्षकांना प्रशिक्षण मिळेल हे बघण्याची जबाबदारी कायद्यानं एजन्सीवर टाकली आहे. हे वाचल्यावर सचिवताईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, ‘‘मग हे ४५ हजार कशाचे?’’

केंद्राच्या नमुना नियमांत प्रशिक्षणाचे तासही दिलेत. वर्गात किमान १०० तास, मैदानावर ६० तास आणि ते किमान २० कामाच्या दिवसांत. माजी सैनिकांना आणि माजी पोलिसांना कमी. जाहिरातीतले पंधरा दिवस इथंच गळाले. आणि उंची? पुरुषाला १६० सेंटिमीटर, बाईला १५०. त्या एडिथबाई केसभरानं हुकल्या असत्या, पण आपली १५३ ची मुलगी आरामात बसते. हे वाचून दाखवलं तेव्हा तिची आई काही बोलली नाही, नुसता पदर तोंडाला लावला.

शिकायचं काय, तेही नियमांत लिहिलं आहे. शरीर कमावणं, गणवेश नीट घालणं आणि लोकांशी बोलणं, इमारतीची आणि माणसाची राखण, आग विझवणं, गर्दी आवरणं, ओळखपत्र तपासणं, बॉम्बसारखी वस्तू ओळखणं, प्रथमोपचार, आपत्तीत काय करायचं, पोलिसांत तक्रार कशी नोंदवायची, स्वतःच्या बचावाचा हक्क कुठपर्यंत. इंग्रजी अक्षरं आणि आकडे वाचता यायला हवेत, कारण ओळखपत्रावर तेच असतात. दहावीत इंग्रजीनं अडवलेल्या मुलींनी याचा सराव आधीच करावा. गर्दीचं म्हणाल तर आदमापूरला अमावस्येला बाळूमामांच्या दर्शनाची रांग बघितलेली कुणीही सांगेल की गर्दी आवरणं म्हणजे ढकलणं नव्हे. रांग कुठं दाटते ते आधी ओळखायचं असतं.

बंदूक हा विषय नियमांत ऐच्छिक आहे. शस्त्र बाळगायला शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवाना लागतो आणि तो २१ वर्षांखाली मिळत नाही. कोर्स केला म्हणून बंदूक मिळते, हे साफ खोटं. आणि ते ठिपक्यांचे कपडे? खासगी रक्षकानं सैन्याचा किंवा पोलिसांचा किंवा तसा दिसणारा गणवेश घातला तर त्याला आणि एजन्सीच्या मालकालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे ज्या फोटोला आपली पोर भुलली, तो फोटोच गुन्ह्याकडं बोट दाखवत होता.

अंगरक्षकाला पोलिसाचे अधिकार नसतात, हेही मुलींना नीट सांगा. डोळ्यांसमोर गंभीर गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिक पकडू शकतो तेवढंच तिलाही जमतं आणि पकडलेल्याला सहा तासांच्या आत पोलिसांकडं द्यावं लागतं. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. गरजेपुरताच मार, त्यापुढं गेलात तर तुम्हीच आरोपी.

चारित्र्य पडताळणीवरून कुणी रागावू नये. ‘आमची पोर काय चोर आहे काय’ असं एक काका म्हणाले. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या त्या त्यांच्याच दोन सुरक्षारक्षकांनी. त्यानंतर १९८५ साली पंतप्रधानांसाठी वेगळं विशेष दल, एसपीजी, उभं केलं. ज्याच्या हाती आपण जीव देतो त्याची चौकशी होणारच. पोलिसांकडून तो दाखला काढता येतो.

मग त्या जाहिरातवाल्यांना आम्ही गटाच्या नावानं तीन गोष्टी विचारल्या. परवान्याचा क्रमांक काय, प्रशिक्षण किती तासांचं, आणि आधीच्या मुली कुठं कामाला लागल्या. उत्तरात ‘शासनमान्य’ असा मोठा शिक्का मारलेला एक रंगीत कागद आला. परवाना काही आला नाही. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाले, आज पाच हजार भरा नाहीतर जागा जाईल. तिसऱ्यांदा फोन लागलाच नाही.

गटानं ४५,००० दिले नाहीत. ६,००० दिले. बूट, वैद्यकीय दाखला, कागदपत्रं, कोल्हापूरचं येणंजाणं यासाठी. परवाना भिंतीवर लावलेली एजन्सी मुलीनं आणि आम्ही मिळून शोधली, तिथं प्रशिक्षणाचे पैसे घेतले नाहीत. आज ती एका दवाखान्याच्या दारावर रक्षक आहे. अंगरक्षक नाही अजून. हे आम्ही लपवत नाही. कोल्हापुरात खासगी बाई-अंगरक्षकाची कामं थोडी, पुण्या-मुंबईत जास्त, आणि तिथंही माजी सैनिक, माजी पोलीस यांना आधी पसंती. कायद्यातही त्यांना प्राधान्य आहे. नव्या मुलीला दारावर, तपासणीवर, गर्दीत काही वर्षं काढावी लागतात. पण बाईची झडती बाईनंच घ्यायची असते, बाई पाहुणीबरोबर तिच्या खोलीपर्यंत बाईच जाऊ शकते, त्यामुळं जागा पूर्ण बंद होणार नाही. ती मुलगी परवा म्हणाली, ‘‘सगळी माणसाच्या तोंडाकडं बघतात, आम्हाला हाताकडं बघायला शिकवलंय.’’ आईला तिनं तेच शिकवलं, त्यामुळं आता त्या बाजारातही हाताकडंच बघतात!

तिच्या आईचा एक प्रश्न मात्र अजून चालू आहे: ही दुसऱ्याला राखणार, हिला कोण राखणार? प्रश्न रास्त आहे. ड्यूटी कुठं, किती तास, रात्रीची आहे का, हे लेखी घ्या. दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ प्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर तिच्या सुरक्षेची व घरापर्यंत पोचवण्याची सोय करावी लागते. कामाच्या जागी लैंगिक छळ झाला तर २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी. ती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं तक्रार करता येते. नेमणूकपत्र, फोटोचं ओळखपत्र, पगाराची पावती, पीएफचा क्रमांक, या चार कागदांच्या झेरॉक्स आईकडंही ठेवा. पगार हातात रोख देऊन ‘पावतीचं नंतर बघू’ म्हणणाऱ्याकडं मुलीला दुसऱ्या महिन्याला पाठवू नका.

कुणाच्या मुलीला असा कोर्स करायचा असेल तर पैसे भरायच्या आधी गटाच्या बैठकीला मुलीला घेऊन या. जाहिरातीचा कागद असेल तो आणा, आणि मोबाइलवर आलेले मेसेज पुसू नका, तसेच राहू द्या. परवाना कसा तपासायचा आणि पत्र कसं लिहायचं, ते आम्ही तिथंच बसून करून देऊ.