साप चावला तर धावायचं नाय

(पावसाळ्याआधीच्या शिबिरात आपल्या कार्यकर्तीने केलेलं भाषण. बोलली तसंच छापलं आहे.)



आज दाव्यांच्या कागदांवर बोलायचं ठरलंय. ते जेवणानंतर बोलू. आधी दुसरं सांगते, कारण पाऊस आता दाराशी आलाय. आपण प्लॉटवर झोपडी टाकून राहू, आवणीला चिखलात उतरू, आणि बिळात पाणी शिरलं की सापही बाहेर येईल. जमीन आपण कसणार, तर साप आपल्यालाच चावणार. मुंबईतल्या साहेबाला नाय चावणार.

माझा चुलतभाऊ बारा वर्षांचा होता. आवणीचे दिवस, पोर भुईवर झोपलेला. पहाटे उठला नि म्हणाला, "आये, पोटात दुखतंय." काकीला वाटलं, शिळं खाल्लं असेल. तिने ओवा दिला. मग त्याचे डोळे उघडेनात. आम्ही म्हणालो, झोप आलीय. मग शब्द जड झाले, तोंडातून लाळ गळायला लागली. तेव्हा भगताला बोलावलं. भगत म्हणाला, सापाचं आहे. डोली बांधेपर्यंत दुपार झाली. नदीच्या अलीकडेच त्याचा श्वास थांबला. संध्याकाळी गोणपाटाखाली मण्यार निघाली.

पुढे मी आरोग्याच्या शिबिराला गेले, तेव्हा कळलं की आमची चूक कुठे झाली. मण्यार काळी असते, अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. रात्री भुईवर झोपलेल्या माणसाला चावते. दात बारीक, म्हणून खूण दिसत नाय. सूज नाय, आग नाय. म्हणून पावसाळ्यात भुईवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी, उलटी, घसा दुखतोय म्हणाला आणि पापण्या खाली पडायला लागल्या, तर सापच समजा. खूण शोधत बसू नका, निघा.

आपल्याकडे विषारी साप मुख्य चार. नाग नि मण्यार यांचं विष श्वास बंद करतं. घोणस नि फुरसं यांच्या विषाने रक्त गोठत नाय. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जातं, सूज चढते. पण चारही सापांवर इंजेक्शन एकच आहे, आणि सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं. म्हणून साप मारून बरोबर न्यायची गरज नाय. त्याच्या मागे धावलात तर दुसऱ्यालाही चावेल. मेलेल्या सापाचं डोकंसुद्धा चावतं.

आता करायचं काय?

एक. माणसाला धीर द्या. चावणारे बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप दर वेळी विष सोडतोच असं नाय. पण हे घरी बसून ठरवायचं नाय, दवाखान्यात ठरवायचं.

दोन. त्याला चालू देऊ नका, धावू तर मुळीच देऊ नका. हातपाय हलले की विष लवकर पसरतं.

तीन. अंगठी, बांगड्या, पैंजण, करगोटा काढा. सूज आली की ते रुततात.

चार. हाड मोडल्यावर बांधतो तसा चावलेला पाय बांबूच्या कामट्या लावून लुगड्याच्या पट्टीने बांधा. खाली बोट सरकलं पाहिजे, एवढं सैल. हात असेल तर गळ्यात झोळी करा.

पाच. किती वाजता चावला ते लक्षात ठेवा. घड्याळ नसेल तर सूर्य कुठे होता ते सांगा.

आणि काय करायचं नाय? दोरी आवळायची नाय. रक्त अडलं की हातपाय सडतो. कुणी आधीच आवळली असेल तर वाटेत सोडू नका, डॉक्टर बघून सोडेल. ब्लेड मारायचं नाय, चोखायचं नाय, कोंबडी लावायची नाय. दारू, चहा, पाला पोटात द्यायचा नाय. घसा लुळा पडला असेल तर ते छातीत जातं.

वाटेत उलटी झाली किंवा शुद्ध गेली, तर डाव्या कुशीवर वळवा. श्वास थांबला तर मेला समजू नका. मण्यार-नागाच्या विषात श्वास थांबला तरी काळीज चालू असू शकतं. उताणा झोपवा, डोकं मागे करा, नाक दाबा, तोंडाला तोंड लावून छाती वर येईल इतका श्वास द्या. मोठ्या माणसाला पाच-सहा सेकंदांनी एक, पोराला त्याहून लवकर. नाडीच लागत नसेल तर छातीच्या मधोमध ३० वेळा जोरात, भराभर दाबा आणि २ श्वास द्या, पुन्हा तेच. माणसं बदला, पण थांबू नका. माझ्या भावाला हे कुणी दिलं नाय, कारण आम्हाला माहीतच नव्हतं.

भगतबाबा इथे बसलेत. त्यांना हात जोडून सांगते. लोक आधी तुमच्याकडे येतात, तुमचा शब्द ऐकतात. तुम्हीच सांगा, "डोली उचला." मंत्र डोलीबरोबर चालता चालता म्हणा. आम्ही नको म्हणणार नाय.

रेंज मिळाली तर १०८ लावा, पण गाडीची वाट बघत पाड्यावर बसू नका, रस्त्याकडे निघा. मोटारसायकल असेल तर दोघांच्या मध्ये घट्ट धरून बसवा. दवाखान्यात सांगा, "साप चावलाय, इतका वेळ झालाय." काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाय तर घोणस किंवा फुरशाचं विष आहे. ही तपासणी करायला सांगा. पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवत असतील तर म्हणा, "पहिलं इंजेक्शन इथेच सुरू करा, मग पाठवा."

गेल्या साली आपल्या एका साथीदाराला प्लॉटवर घोणस चावली. तो म्हणत होता, "चालत जातो ना, दोन मैल तर आहे." आम्ही ऐकलं नाय. डोलीतून नेलं. तो आज तिथे मागे बसलाय, हसतोय बघा.

शेवटचं. डोली का लागते? रस्ता नाय म्हणून. विचारलं की सांगतात, जंगलाची जमीन आहे. पण २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) बघा. रस्ता, दवाखाना, शाळा अशा १३ कामांसाठी वनजमीन देता येते. एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाय, आणि शिफारस ग्रामसभेची. म्हणजे आपली.

तर येत्या ग्रामसभेत दोन ठराव घ्या. रस्त्याचा एक. दुसरा असा, की प्रत्येक पाड्यावर डोलीचा बांबू नि घोंगडी एका घरात कायम ठेवायची, आणि आठ पोरांची नावं लिहून ठेवायची. आणि आज रात्रीपासून पोरांना भुईवर झोपवू नका. बाज नसेल तर मच्छरदाणी लावा, कडा चटईखाली खोचा. अंधारात बॅटरी घेऊनच बाहेर पडा.

जमीन घेऊन दाखवू. पण ती कसायला आपली माणसं जगली पाहिजेत.

जिंदाबाद.