शेरूची वही

मराठी माणसाला शंका आली की त्याच्या मनात पाल चुकचुकते. आज मी पालीविषयी, आणि तेही तिच्या पोटाविषयी व शौचाविषयी बोलणार आहे म्हटल्यावर तुमच्याही मनात ती चुकचुकली असेल. कवी माणूस, चंद्र-चांदणे सोडून हे काय घेऊन बसला? पण २०२२ च्या डिसेंबरात यवतमाळच्या आमच्या घरी सगळी माणसे एका पालीच्या लेंडीची नऊ दिवस वाट पाहत होती. ते नऊ दिवस काही विसरता येत नाहीत.

माझा भाचा पुण्याला नोकरी करतो. कामासाठी त्याला महिनाभर परगावी जायचे होते. जाण्याआधी तो एक काचेची पेटी घेऊन आमच्याकडे आला. पेटीत वीतभर लांबीचा, पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेला, जाड शेपटीचा एक प्राणी होता. "मामू, हा शेरू. महिनाभर सांभाळा."

हा लेपर्ड गेको, म्हणजे बिबट्यासारख्या ठिपक्यांची पाल. मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य भागातला. १८५४ साली कोलकात्यात काम करणाऱ्या एडवर्ड ब्लाइथ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याची शास्त्रीय नोंद केली. पुढे परदेशात पिंजऱ्यात त्याची पैदास होऊ लागली आणि तो जगभर घरोघरी पोहोचला. आपल्या भिंतीवरच्या पालीपेक्षा तो दोन बाबतींत वेगळा. त्याला पापण्या असतात, त्यामुळे तो डोळे मिटून झोपतो. आणि त्याच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, त्यामुळे तो भिंतीवर चढत नाही. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो.

अम्मीने पेटीकडे पाहिले आणि तोंड फिरवले. आमच्या मोहल्ल्यात छिपकली दिसली की आधी चप्पल शोधतात. वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या कथाच तशा. शेजारच्या काकूंकडे ती अंगावर पडली की पंचांग उघडतात. पालीच्या बाबतीत आम्हा दोन्ही घरांचे एकमत आहे.

भाच्याने पेटीबरोबर एक वही दिली. तीत तीनच रकाने होते : तारीख, काय खाल्ले, लेंडी कशी. मला हसू आले. तो म्हणाला, "मामू, हसू नका. तो बोलत नाही, ओरडत नाही. दुखले तरी लपवतो. त्याची तब्येत कळायला एवढीच जागा आहे."

शेरूची एक सवय पाहून मी चकित झालो. पेटीत त्याने एक कोपरा ठरवून ठेवला होता. झोपायच्या जागेपासून सर्वांत दूरचा. रात्री उठून तो तिथे जायचा, शेपूट उचलायचा आणि काम उरकून परत यायचा. भाच्याने त्या कोपऱ्यात कागदाची घडी ठेवली होती. सकाळी ती बदलली की झाले. कुणी शिकवल्याशिवाय एवढी शिस्त! आपल्याकडे हागणदारीमुक्तीसाठी गावोगाव गुड मॉर्निंग पथके फिरवावी लागली होती.

त्या लेंडीचे दोन भाग असतात. एक काळा-तपकिरी, तो मळ. दुसरा पांढरा, खडूसारखा. ते त्याचे मूत्र. दोन्ही एकाच द्वाराने बाहेर येतात. आपल्या घरातली ट्यूबलाइटमागची भिंत पुसताना पाहा, पालीच्या लेंडीच्या टोकाला असाच पांढरा ठिपका असतो. उंदराच्या लेंडीला तो नसतो. दोघींतला फरक ओळखायची ही सोपी खूण. पाली आणि पक्षी शरीरातली घाण पाण्यात विरघळवून टाकत नाहीत. तिचे घट्ट पांढरे आम्ल बनवतात आणि पाणी शरीरात परत शोषून घेतात. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणे आटली तेव्हा यवतमाळकरांनी टँकरमागे रांगा लावल्या होत्या. पाण्याच्या थेंबाची किंमत आपल्याला ठाऊक आहे. हा पांढरा खडू पिवळा-नारिंगी आणि कडक झाला, तर समजावे की प्राण्याला पाणी कमी पडते आहे.

आता माझी चूक सांगतो. शेरूच्या पेटीत तळाला साधा कागद होता. मला वाटले, अफगाणिस्तानचा गडी, वाळवंटाची याद येत असेल. माझ्यातला कवी जागा झाला. शेजारी बांधकामासाठी वाळूचा ढीग पडला होता. परवानगी घेऊन दोन तगाऱ्या आणल्या, चाळणीने चाळल्या आणि पेटीत चार बोटे थर दिला. शेरू त्यावर चालला. त्याच्या पावलांचे ठसे उमटले आणि मला एक ओळसुद्धा सुचली.

ती ओळ महागात पडली. हा प्राणी मुळात मऊ वाळूतला नाहीच. खडकाळ, कडक मातीच्या कोरड्या माळावरचा आहे. तो अळीवर झडप घालायचा तेव्हा तोंडात वाळू जायची. शिवाय पेटीखाली गरम पट्टी होती. माझ्या वाळूच्या थराने तिची ऊब वर येईना. आपले शरीर आतून गरम असते, त्याचे तसे नसते. त्याला पोटाखालून साधारण एकतीस ते तेहतीस अंश ऊब मिळाली तरच अन्न पचते. डिसेंबरातली थंडी, पोटात वाळू आणि वर मी मायेने रोज जास्तच अळ्या घालत होतो.

वहीचा तिसरा रकाना रिकामा राहू लागला. एक दिवस, दोन दिवस. तेवढे चालते, मोठे गेको दोन-तीन दिवसांआड शौच करतात. पाचव्या दिवशी त्याने अळीकडे पाहिलेही नाही. सहाव्या दिवशी तो कोपऱ्यात गेला, शेपूट उचलून कुंथला आणि तसाच परतला. पोट फुगले होते आणि खालून पाहिले तर कातडीखाली निळसर डाग दिसत होता.

पेटी घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते प्रामाणिकपणे म्हणाले, "गाय, बैल, शेळी रोज पाहतो. हा पाहुणा पहिलाच." पण त्यांनी नागपूरच्या एका मित्राला फोन लावला आणि उपाय विचारून घेतला. वाळू काढा, कागद घाला. ऊब द्या. खाणे बंद. दिवसातून दोनदा पसरट भांड्यात कोमट पाणी घेऊन, फक्त पोट भिजेल एवढ्या पाण्यात, पंधरा मिनिटे उभे करा. पोटावरून हलक्या हाताने बोट फिरवा, दाबू नका. एरंडेल वगैरे घरचे प्रयोग मुळीच नकोत. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर नागपूरला आणा; एक्स-रे काढावा लागेल.

घरी आलो. पाणी कोमट झाले का, हे पाहायला अम्मी पुढे आली. लहान बाळाच्या अंघोळीचे पाणी पाहतात तसे तिने कोपराने पाहिले. मी काही बोललो नाही. त्या दिवसापासून सकाळच्या नमाजनंतर तिचा पहिला प्रश्न असायचा, "मोकळा झाला का रे तुझा शेरू?"

नवव्या दिवशी पहाटे तो मोकळा झाला. कागदावर लेंडी होती, तिच्यात वाळूचे कण चमकत होते. शेजारी पांढरा ठिपका. मी अम्मीला हाक मारली. ती म्हणाली, "अल्हम्दुलिल्लाह", आणि चहा ठेवायला गेली.

मित्रहो, ज्यांच्या घरी असा प्राणी आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. तळाला कागद किंवा फरशी असावी, वाळू नको. पेटीची एक बाजू उबदार आणि दुसरी थंड असावी, म्हणजे तो हवे तिथे बसेल. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा आणि त्यावर कॅल्शियमची भुकटी लावावी. प्यायला ताजे पाणी रोज ठेवावे. लेंडी पातळ झाली, फार घाण वास आला किंवा शेपूट बारीक होऊ लागली तर थांबू नका; त्याची चरबी शेपटीतच साठलेली असते. ताजी लेंडी डबीत घेऊन डॉक्टरांकडे जा, सूक्ष्मदर्शकाखाली पोटातले जंतू कळतात. आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा. या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. पेटी स्वयंपाकघरात धुऊ नका, अगदी लहान मुलांच्या हाती प्राणी देऊ नका.

याच कारणाने घरातली पाल दुधात पडली तर ते दूध जरूर फेका. पण घाणीसाठी, विषासाठी नव्हे. पाल विषारी नसते. शेरूचे एक भावंड आपल्या सातपुड्यातही राहते. त्याची वेगळी प्रजाती म्हणून नोंद २०१४ साली झाली. रानात असे ठिपकेदार जनावर दिसले की लोक विषारी समजून ठेचतात. त्याला मारू नका आणि पकडून घरीही आणू नका. त्याचा माळ त्याला पुरेसा आहे.

महिना संपल्यावर भाचा आला. वही उलटून पाहिली, रिकाम्या चौकोनांवर त्याचे बोट थांबले. मी सगळे कबूल केले. तो रागावला नाही. "मामू, तुम्ही त्याला वाळवंट दिले; त्याला चटई हवी होती," एवढेच म्हणाला.

वाळूवर सुचलेली ती ओळ मी पुढे लिहिली नाही. भिंतीवरच्या पालीसाठी मात्र आमच्या घरात आता चप्पल शोधत नाहीत. अम्मी तिला झाडूने खिडकीबाहेर काढते, आणि मग ट्यूबलाइटमागची भिंत पुसताना पांढरा ठिपका आहे ना, ते पाहून घेते.